कवडशातल्या सूर्यावर काळा ठिपका दिसला, हे नेमकं काय असतं?

ओसरी

मंडळी, गेल्या आठवड्यात माहेरी, गुहागरला होते. माजघराच्या छपरात एका कौलाचा टवका उडालाय, तिथून दुपारी सारवलेल्या जमिनीवर कवडसा पडतो. लेक आठवीत आहे. तिने विचारलं, "आई, वरची फट वेडीवाकडी आहे, मग कवडसा गोल कसा?" मला काही सांगता येईना. माझ्या बाबांनी कपाटातली जुनी दुर्बीण काढली, एका नळीला टोपण लावलं, दुसरी सूर्याकडे केली आणि मागे वहीचा कागद धरला. डोळा कुणीच लावला नाही. कागदावर वाटीच्या तोंडाएवढा सूर्य आला आणि त्यावर मधल्या भागात मोहरीएवढा काळा ठिपका!

मला वाटलं भिंगावर धूळ आहे. पुसून पाहिलं, ठिपका तिथेच. दुर्बीण हलवली की सूर्य सरकायचा आणि त्याच्यासोबत ठिपकाही. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला पुन्हा पाहिलं, तर तो जवळजवळ सेंटिमीटरभर पुढे गेलेला.

बाबा म्हणाले, सौरडाग. पण डाग म्हणजे काय? कसला? बातम्यांमध्ये सौरज्वाला, सौरवादळ, सौरवारे, कोरोना असे शब्द येतात, मला सगळे एकाच पातेल्यातले वाटतात. कुणी नीट उलगडून सांगेल का? लेकीलाही वाचून दाखवणार आहे.

उल्का

आजोबांनी कागदावर सूर्य पाडला हे फार बरं केलं. बाकी वाचणाऱ्यांसाठी: दुर्बिणीतून सूर्याकडे कधीही, क्षणभरही पाहू नका. माझ्या मामाने १९८० च्या फेब्रुवारीतलं ग्रहण काजळी धरलेल्या काचेतून पाहिलं होतं. दोनच मिनिटं. तेव्हा काहीच दुखलं नाही, कारण डोळ्याच्या आतल्या पडद्याला वेदना कळतच नाही. आज सत्तरीत आहे. पेपर वाचताना उजव्या डोळ्याला शब्दाचं मधलं अक्षर दिसत नाही, डोकं तिरकं करून वाचतो.

ध्रुवमत्स्य

उल्काताईंशी शंभर टक्के सहमत. लहान मुलं आसपास असतील तर दुर्बीण उन्हात तशीच ठेवून आत जाऊही नका.

ओसरीताई, आधी लेकीचा प्रश्न घेतो, मला तो ठिपक्याहूनही आवडला. छिद्र लहान आणि जमीन लांब असली की खाली पडतो तो छिद्राचा आकार नसतो, ती सूर्याची प्रतिमा असते. सूर्य गोल म्हणून कवडसा गोल. खंडग्रास ग्रहण असताना झाडाखाली पाहा, पानांच्या फटींतून पडलेला प्रत्येक कवडसा चंद्रकोरीसारखा झालेला असतो.

आता तिला एक काम द्या. छिद्रापासून कवडशापर्यंतचं अंतर दोरीने मोजायचं, सरळ खाली नाही, किरण येतो त्या तिरक्या रेषेत. मग कवडशाची रुंदी मोजायची. समजा अंतर ३ मीटर २४ सेंटिमीटर आलं, तर कवडसा ३ सेंटिमीटरच्या जवळपास येईल. ३२४ भागिले ३ म्हणजे १०८. सूर्य आपल्यापासून सुमारे १५ कोटी किमी आहे, त्याला १०८ ने भागा. १३ लाख ९० हजार किमीच्या आसपास उत्तर येईल. हा सूर्याचा व्यास! तीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं, पण वर्गात सगळ्यात जास्त चेहरे उजळलेले पाहिले ते या हिशोबाला. दोरी आणि पट्टी एवढ्यावर सूर्य मोजता येतो हे मुलांना खरंच वाटत नाही.

आता ठिपका. तुमच्या वाटीचं तोंड ७ सेंटिमीटर धरलं, तर कागदावरचा १ सेंटिमीटर म्हणजे २ लाख किमी. मोहरी २ मिलिमीटरची, म्हणजे ४० हजार किमी. त्या ठिपक्यात ओळीने ३ पृथ्व्या मावतील. तुम्ही पदराने पृथ्वीच्या तिप्पट वस्तू पुसायला निघाला होतात :)

आपल्याला दिसतो त्या पृष्ठभागाला दीप्तिगोल म्हणतात. त्याचं तापमान सुमारे ५५०० अंश सेल्सिअस. डागाच्या मध्यावर ते ४ हजारांच्या खाली असतं. कमी तापलेला म्हणून कमी उजळ, म्हणून शेजारच्या लखलखाटात काळा. तोच डाग एकटा कापून रात्रीच्या आकाशात टांगला असता तर झगझगीत दिसला असता.

सोलापूरकर

सर, ४ हजार अंशाला थंड म्हणायचं? एप्रिलमध्ये आमच्याकडे या, ४३ ला आम्ही हात टेकतो.

गंभीर प्रश्न असा, की सूर्याच्या एवढ्याशा तुकड्यालाच गारवा का मिळतो? आजूबाजूची आग तिथे शिरत का नाही?

पिठलं_भाकरी

सर सांगतीलच, पण माझा अनुभव पातेल्याचा आहे.

पिठलं रटरटायला लागलं की मधून गोळे वर येतात, फुटतात, कडेने खाली जातात. दुर्बिणीच्या मोठ्या फोटोंत सूर्याचा पृष्ठभाग अगदी तसा दिसतो. दाणे दाणे. प्रत्येक दाण्याचा मधला भाग उजळ, कडा गडद. मधून गरम वायू वर येतो, वर निवतो, कडेने खाली उतरतो. एकेक दाणा सुमारे १००० किमीचा. पुण्याहून निघून नागपूर ओलांडलं तरी पहिला दाणा संपलेला नसेल! आणि तो टिकतो किती? दहा-पंधरा मिनिटं. आपलं पिठलं होईपर्यंत अख्ख्या सूर्याचं कातडं बदललेलं असतं. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा गॅस बंद करून नुसती पातेल्याकडे बघत बसले होते.

ध्रुवमत्स्य

पिठलंताई, वर्गात वापरेन तुमचं पातेलं. सोलापूरकर, उत्तर त्यातच आहे. डागाच्या जागी फार जोरदार चुंबकीय क्षेत्र असतं. सूर्यावरचा वायू विद्युतभारित असल्याने त्याला चुंबकीय रेषा ओलांडून सहज जाता येत नाही. त्या जागी रटरटणं मंदावतं, खालची उष्णता वर पोचत नाही, भाग निवतो. डाग चुंबकीय असतात हे जॉर्ज एलरी हेल यांनी १९०८ मध्ये माउंट विल्सन वेधशाळेत दाखवलं. प्रकाश रंगांत फोडला की वर्णपट म्हणजे रंगांचा पट्टा दिसतो, आणि त्यात प्रत्येक मूलद्रव्याच्या ठरलेल्या रेघा असतात. चुंबकाने अशी रेघ फुटून तिच्या दोन-तीन होतात, तशा त्यांना डागाच्या प्रकाशात फुटलेल्या दिसल्या. पुढच्याच वर्षी आपल्या कोडाईकनालला जॉन एव्हरशेड यांना डागाच्या फिकट कडेतून बाहेर वाहणारा वायू सापडला. त्याला आजही एव्हरशेड परिणाम म्हणतात.

चुंबक येतो कुठून? सूर्य वायूचा आहे, सगळा एका वेगाने फिरत नाही. मध्याजवळचा भाग २५ दिवसांत फेरी मारतो, ध्रुवांकडच्याला महिन्याहून जास्त लागतो. आतल्या चुंबकीय रेषा त्यामुळे ताणल्या जातात, गुंडाळल्या जातात. सुतळीला पीळ देत राहा, एका टप्प्याला ती मध्येच उसळून वेटोळं करते. तसं वेटोळं पृष्ठभाग फोडून वर येतं. जिथून बाहेर पडतं आणि जिथे पुन्हा आत शिरतं, तिथे दोन डाग. म्हणून डाग बहुतेकदा जोडीने किंवा झुंडीने दिसतात, आणि जोडीतला एक उत्तर ध्रुव तर दुसरा दक्षिण.

उल्का

११ वर्षांचं चक्र म्हणतात ते याच पिळाचं ना?

ध्रुवमत्स्य

हो. डाग वाढत जातात, कमी होतात, पुन्हा वाढतात. हे ओळखलं ते जर्मनीतल्या डेसाउ गावच्या हाइनरिश श्वाबं या औषधविक्रेत्याने. तो शोधत होता बुधाच्या आतला एखादा ग्रह. ग्रह डागांत हरवू नये म्हणून वर्षानुवर्षं रोज डाग मोजत राहिला. ग्रह नव्हताच, पण १८४३ मध्ये डागांचं चक्र त्याने मांडलं. सध्याचं २५ वं चक्र डिसेंबर २०१९ मध्ये सुरू झालं. मोजदाद १७५५ पासूनची, तेव्हाच्या चक्राला पहिलं म्हणतात.

आडवाट

हा धागा सूर्याचा आणि कोकणातून सुरू झालेला, तर विजयदुर्गाचा उल्लेख हवाच. किल्ल्यावर साहेबाचा कट्टा आहे. १८६८ च्या ग्रहणात नॉर्मन लॉकयरने तिथूनच हेलियमचा शोध लावला. १८ ऑगस्टला तिथे हेलियम दिवसही साजरा होतो. आम्ही गेलो होतो, कट्ट्यावर बसून फोटो काढले. अभिमान वाटतो.

जुनी_पाने

आडवाट, विजयदुर्ग माझाही लाडका, म्हणूनच ही दुरुस्ती करतोय.

१८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणाचा पट्टा जमखंडी, गुंटूर, मछलीपट्टण असा गेला. गुंटूरला फ्रान्सचे पिएर जान्सन होते. सूर्याच्या कडेला उठलेल्या वायूच्या लाल जिभांच्या वर्णपटात त्यांना इतक्या ठळक रेघा दिसल्या, की ग्रहण सुटल्यावर दुसऱ्या दिवशी त्यांनी त्या भर उन्हात पुन्हा पाहिल्या. लॉकयर तेव्हा इंग्लंडमध्ये होते. त्यांनी २० ऑक्टोबर १८६८ ला घरच्या आकाशात, ग्रहणाशिवाय, तेच केलं. त्या रेघांतली एक पिवळी रेघ सोडियमच्या दोन पिवळ्या रेघांशी जुळत नव्हती. ती हेलियमची. पृथ्वीवर हेलियम सापडला १८९५ मध्ये, विल्यम रॅमझी यांना.

मग कट्टा खोटा का? मुळीच नाही. लॉकयर विजयदुर्गाला खरंच आले होते, पण २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणाला. आरमाराची एचएमएस मेल्पोमिनी बंदरात होती आणि तिच्या खलाशांनी वेधाला मदत केली. तीस वर्षांच्या अंतराच्या दोन गोष्टी लोकांच्या तोंडी एक झाल्या. माझ्या मते खरी गोष्टच जास्त अभिमानाची आहे, कारण त्याच ग्रहणाला पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे कावसजी नायगमवाला यांनी जेऊरला तळ ठोकून वेध घेतले होते. अमेरिकेतल्या लिक वेधशाळेचा चमूही जेऊरलाच होता. आपला माणूस परदेशी पथकांच्या बरोबरीने उभा होता, आणि त्याच्या नावाचा कट्टा कुठेच नाही याचं मला वाईट वाटतं.

सोलापूरकर

जेऊर म्हणजे आमचं करमाळ्याजवळचं? रेल्वेने शंभर वेळा गेलोय तिथून! आता पुढच्या वेळी उतरणार.

आडवाट

जुनी_पाने, दोन वेळा वाचलं. ऐकीव गोष्ट लिहून बसलो होतो. नायगमवालांबद्दल वेगळा धागा काढा, विनंती.

यॉर्कशायरचा_पाऊस

मी लीड्सला असतो. १० मे २०२४ ची रात्र. शेजारची म्हातारी बाई दार वाजवत होती, म्हटलं काही झालं की काय. ती नुसतं वर बोट दाखवत होती. डोक्यावर गुलाबी आणि हिरवे पट्टे, मधोमध एका बिंदूतून पसरल्यासारखे, आणि ते हलत होते. बायकोला उठवलं, पोराला गोधडीसकट उचलून आणलं. रस्त्यावर सगळी गल्ली अंगावर असेल त्या कपड्यांनिशी उभी, आणि कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. आईला पुण्याला व्हिडिओ कॉल लावला, तिला काहीच नीट दिसेना, मी हुंदके देत "बघ बघ" म्हणत राहिलो.

नंतर कळलं, त्याच रात्री लडाखमध्ये हानलेलाही क्षितिजाजवळ लाल प्रकाश दिसला. आम्हाला हिरवा आणि गुलाबी, तिकडे फक्त लाल, असं का?

ध्रुवमत्स्य

वाचताना अंगावर काटा आला. रंग हवेच्या थरांचे आहेत. साधारण १०० ते २०० किमी उंचीवर ऑक्सिजन हिरवा उजळतो, त्याच्याही वर तोच ऑक्सिजन लाल. गुलाबी-जांभळा नायट्रोजनचा. हानले फार दक्षिणेला. तिथून हिरवा थर पृथ्वीच्या गोलाईआड बुडालेला असतो, फक्त उंचावरचा लाल डोकावतो. लांबून गाव दिसत नाही, देवळाचा कळस दिसतो, तसं.

तारखांब

ओसरीताईंच्या "एकाच पातेल्यातले शब्द" या तक्रारीकडे येतो. मी वीज पारेषणात, सबस्टेशनला आहे, त्यामुळे हा फरक आम्हाला कामाचा.

सौरज्वाला म्हणजे लखलखाट. डागांवरची पिळलेली चुंबकीय वेटोळी तुटून नव्याने जोडली जातात तेव्हा एकदम ऊर्जा सुटते, क्ष-किरण आणि अतिनील किरण निघतात. प्रकाशाच्या वेगाने येतात, ८ मिनिटं २० सेकंद. कळेपर्यंत आलेले असतात. पृथ्वीच्या उजेडातल्या बाजूला लघुलहरी रेडिओ बंद पडू शकतो.

सीएमई (कोरोनल मास इजेक्शन) म्हणजे ढेकूळ. चुंबकीय क्षेत्रासकट अब्जावधी टन वायू उखडून फेकला जातो. त्याला यायला एक ते तीन दिवस लागतात, आणि बऱ्याचदा तो पृथ्वीच्या वाटेवर नसतोच. आला, आणि त्याच्या चुंबकाची दिशा पृथ्वीच्या उलट असली, की सौरवादळ, खरं तर भूचुंबकीय वादळ. आणि सौरवारे म्हणजे रोजचं वाहणं, सेकंदाला ४०० किमीच्या आसपास, वादळ असो नसो. वीज चमकणं, गारपीट आणि रोजचा खारा वारा, एवढा फरक.

वीजवाहिन्यांना काय होतं? जमिनीचं चुंबकीय क्षेत्र हेलकावतं, लांब तारांत जवळजवळ एकदिश प्रवाह शिरतो, तो अर्थिंगमधून ट्रान्सफॉर्मरच्या वेटोळ्यात जातो. गाभा संपृक्त होतो, म्हणजे त्याला आणखी चुंबकत्व झेलवत नाही, ट्रान्सफॉर्मर घुमायला लागतो, तापतो. त्याचा नेहमीचा हूं आवाज आम्हाला झोपेतही ओळखू येतो, तो बदलला की काळजात धस्स होतं. १३ मार्च १९८९ ला कॅनडात क्युबेकचं सगळं जाळं दीड मिनिटात बसलं, ६० लाख लोक नऊ तास अंधारात. आपण विषुववृत्ताजवळ असल्याने धोका बराच कमी, पण शून्य नाही.

अलिबागचा_वारा

याच धाग्यात सांगायलाच हवं. १ सप्टेंबर १८५९ ला इंग्लंडात रिचर्ड कॅरिंग्टन ओसरीताईंसारखाच पडद्यावर सूर्य पाडून डाग काढत होते, तेव्हा डागांवर दोन पांढरे लखलखाट दिसले. माणसाने नोंदवलेली पहिली सौरज्वाला. साडेसतरा तासांत वादळ पृथ्वीवर. अमेरिकेत बोस्टन ते पोर्टलंड तार दोन तास बॅटरी काढून, नुसत्या ध्रुवप्रकाशाच्या विजेवर चालली.

त्या वादळाची सगळ्यात मोलाची नोंद कुठली? मुंबईची. कुलाबा वेधशाळेत माणसं हाताने चुंबकाची वाचनं घेत होती, त्यात क्षेत्र सुमारे १६०० नॅनोटेस्लाने खाली आलेलं दिसतं. मे २०२४ ला जगभरची सरासरी सांगणारा निर्देशांक सुमारे ४०० ने उतरला होता. मोजण्याची पद्धत वेगळी, त्यामुळे थेट तुलना नको, पण अंदाज येतो. आजही शास्त्रज्ञ १८५९ चा हिशोब करताना कुलाब्याची पानं उघडतात.

पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार ठरलं. त्या विजेने चुंबकाची सुई बिघडणार, म्हणून १९०४ मध्ये वेधशाळा आमच्या अलिबागला आणली. बांधकामात लोखंड नाही. लहानपणी शाळेतून नेलं होतं. आत जाण्याआधी किल्ल्या, कंपास, पट्ट्याचं बक्कल सगळं बाहेर काढून ठेवायला लावलं. माझ्या चपलेत खिळा होता, मी अनवाणी आत गेलो. पायाला लागलेली ती गार फरशी अजून आठवते.

जुनी_पाने

अलिबागकर, जियो! ट्रामसाठी वेधशाळा हलवली, वेधशाळेसाठी ट्राम अडली नाही, आणि नोंद तुटू नये म्हणून काही काळ दोन्हीकडे सोबत वाचनं घेतली. काय शिस्त होती.

मोगरा

कोरोना राहिला. पुतणीने विचारलं, सूर्यालाही झाला होता का? :) मुलांना किरीट हा शब्द सांगावा असं माझं मत.

पण खरं विचारायचंय ते हे: पृष्ठभाग ५५०० अंश आणि त्याभोवतीचा विरळ वायू, म्हणजे किरीट, १० लाखांहून जास्त, हे कसं? चुलीपासून लांब गेल्यावर जास्त चटका?

ध्रुवमत्स्य

मोगरा, हा प्रश्न अजून पूर्ण सुटलेला नाही, आणि मला तो आवडतो तेवढ्यासाठीच.

१८६९ च्या ग्रहणात किरीटात एक हिरवी रेघ दिसली. कुठल्याच ओळखीच्या मूलद्रव्याची नाही, म्हणून तिला कोरोनियम असं नाव दिलं. सत्तर वर्षांनी उमगलं, की ते आपलं लोखंडच आहे, फक्त १३ इलेक्ट्रॉन गमावलेलं. लोखंडाचे एवढे इलेक्ट्रॉन सोलायला लाखो अंश लागतात. तिथून किरीटाचं तापमान कळलं. उष्णता चुलीतून थेट जात नाही, चुंबकीय लाटा आणि असंख्य छोटे स्फोट ती वर नेऊन सोडतात असं मानलं जातं. कुणाचा वाटा किती, त्यावर काम चालू आहे. आपलं आदित्य एल-१ यान सप्टेंबर २०२३ मध्ये निघून जानेवारी २०२४ मध्ये पृथ्वीपासून १५ लाख किमीवर पोचलं. त्यावरची किरीट पाहणारी दुर्बीण तीच हिरवी रेघ टिपते. आणि अतिनील फोटो काढणारी सूट ही दुर्बीण पुण्याच्या आयुकात घडली.

सोलापूरकर

शेवटचं विचारतो. आमचे आजोबा म्हणायचे, डाग वाढले की पाऊस हुकतो. खरं?

ध्रुवमत्स्य

११ वर्षांच्या चक्रात सूर्याच्या एकूण तेजात फरक पडतो तो सुमारे ०.१ टक्का. आपला पाऊस समुद्राचं तापमान, वारे, एल निनो यांवर कितीतरी जास्त हलतो. डाग पाहून पेरणी ठरवू नये.

पिठलं_भाकरी

पण सर, १६४५ ते १७१५ मध्ये डाग जवळजवळ दिसलेच नव्हते आणि युरोपात कडाक्याची थंडी होती ना?

ध्रुवमत्स्य

दोन्ही खरं. पण थंडी त्याआधीच सुरू झालेली, आणि ज्वालामुखींचाही हात होता. सगळं सूर्याच्या माथी मारता येत नाही.

ओसरी

सगळे प्रतिसाद लेकीला मोठ्याने वाचून दाखवले. तिने दोरी घेऊन कवडसा मोजला. अंतर ४०२ सेंटिमीटर, कवडसा "पावणेचार, कडा धूसर आहे". सूर्याचा व्यास आला १४ लाख किमी. तीनदा भागाकार केला तिने.

आणि ठिपका. बाबांनी तिथे वही ठेवलीय. रोज दुपारी ठीक साडेबाराला वाटी उपडी ठेवून वर्तुळ काढतात आणि त्यात ठिपका. वेळ चुकली की सूर्य वळल्यासारखा दिसतो, म्हणून घड्याळ समोर. सहाव्या दिवशी तो कडेशी जाऊन तांदळासारखा लांबट झाला. सातव्या दिवशी नाही. मग पुढची वर्तुळं रिकामी, तारीख तेवढी लिहिलेली.

काल फोन आला. बाबा ऐंशीचे आहेत, फोनवर फार बोलत नाहीत. म्हणाले, "पोरीला सांग, दुसऱ्या कडेला काहीतरी आलंय. तोच आहे की नवा, ते शनिवारपर्यंत कळेल." आम्ही शुक्रवारी रात्रीच्या गाडीने निघतोय.